बाबांनी पाळलेला श्रावण

परवा संध्याकाळी मी डाळिंब्या सोलत बसले होते. नातू ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आजी, उद्यापासून श्रावण. महिनाभर सगळं बंद. लिव्हरला सुट्टी."

घरातल्या बाकीच्यांना बरं वाटलं. सूनबाई आतून म्हणाली, "देव पावला." माझा मात्र हात थांबला. मी विचारलं, "रोज पितोस काय रे तू?"

"रोज कुठे, आजी? शुक्रवारी ऑफिसची पोरं जातात तेव्हा. कधीतरी शनिवारी."

"सकाळी उठल्यावर हात थरथरतात?"

तो हसायलाच लागला. "तू डॉक्टर कधी झालीस?" म्हणाला आणि आंघोळीला गेला. सून माझ्याकडे बघत राहिली. पोरगा सोडतो म्हणतोय आणि म्हातारी त्याची उलटतपासणी घेतेय, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तिचं काही चुकलं नाही. पिणाऱ्याची काळजी सगळेच करतात. मला सोडणाऱ्याची भीती वाटते, आणि श्रावण तोंडावर आला की ती हटकून वाटते.

आमच्या खिडकीतून पूर्वीच्या गिरणीचं आवार दिसतं. जिथे कार्डिंग खातं होतं, तिथे आता काचेच्या भिंतींचं बियरचं दुकान आहे. नातू शुक्रवारी जातो तो तिथेच. ही पोरं आठवडाभर पालापाचोळा खातात, मनगटावरच्या घड्याळाला विचारून चालतात, शुक्रवारी पितात आणि रविवारी पहाटे घाम गाळून ती उतरवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. माणसाचं पिणं त्याच्या कामातून येतं, असं मला आयुष्यभर दिसत आलंय. आमच्या वेळी परळ-लालबागात कोण काय पितो, कधी पितो आणि कुणाबरोबर पितो एवढं कळलं, की तो कुठल्या खात्यात काम करतो आणि त्याची छाती कशी वाजते हे बिनचूक सांगता यायचं.

विणकर पगाराला प्यायचे. हिशेबी माणसं, अंगावर धुतलेला सदरा. तालमीतली पोरं दूध प्यायची आणि ते सगळ्या चाळीला सांगायची. गिरगावातले आमचे एक दूरचे मामा कारकून होते, ते दिवसभर चहा प्यायचे आणि पोट धरून बसायचे. कार्डिंगवाले मात्र रोज प्यायचे. तिथे कापूस पिंजून त्याचे पेळू निघत आणि हवेत सदा कापसाचा धुरळा. पाळी सुटून माणसं बाहेर आली की भुवया, पापण्या, मिशा सगळं पांढरं. त्या लोकांची अशी पक्की समजूत होती, की पोटात गेलेला कापूस गुळाने खाली बसतो आणि घशात अडकलेला दारूने धुऊन जातो. नव्या कामगाराला ही गोष्ट कामाबरोबरच शिकवली जायची. माझे बाबा तिथे पोरवयात लागले. गूळ आणि दारू दोन्ही त्यांना तिथेच मिळाली.

राज्यात तेव्हा दारूबंदी होती. मोठ्या लोकांना तब्येतीच्या कारणाने डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवाना मिळे. आमच्याकडच्या माणसांची तब्येत त्यांच्याहून वाईट होती, पण परवाना मागायचा असतो हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीच्या टोकाला एका बाईचा गुत्ता होता. तिच्याकडे सायकलच्या ट्यूबमधून हातभट्टीची यायची. नवसागराचा तो कडवट वास बाबांच्या सदऱ्याला इतका भिनला होता, की तो मला वडलांचाच वास वाटायचा. अजूनही कुठे तसा वास आला की मी वळून बघते, आणि मग माझी मलाच लाज वाटते.

बाबा पिऊन मारझोड करत नसत. हसत यायचे, कधी वाटेतच बसायचे, मग कुणीतरी त्यांना आणून सोडायचं. मागे पोरांचा घोळका. आई दार उघडायची, कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही, आणि दार लावून घ्यायची. आम्ही मूळ मालवणकडचे. आईची भाषा शेवटपर्यंत तिकडचीच राहिली आणि मानही तिकडच्यासारखी ताठ. नवऱ्याने खाल्लेल्या पगारापेक्षा चाळीने केलेली थट्टा तिला जास्त बोचायची.

आणून सोडणारा माणूस बहुतेक वेळा एकच असे, समोरच्या चाळीतले जाधवकाका. ते बाबांच्याच खात्यात होते. आमच्या चाळीतले लोक जाधवांच्या चाळीतल्या माणसाच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत, हे तेव्हा कुणी बोलून दाखवायचं नाही, पण पाळायचे सगळे. गुत्त्यावर मात्र एकच पेला या ओठांवरून त्या ओठांवर फिरायचा. बाबा जाधवकाकांच्या उष्ट्या पेल्यातून वर्षानुवर्षं दारू प्यायले आणि ते आमच्या घरी आले की आई त्यांना बाहेर गॅलरीतच पाट टाकायची. मला याचं हसू येत असे. आता येत नाही.

मग ते दीक्षेचं वर्ष आलं. जाधवकाका नागपूरला जाऊन आले, घरातले देव त्यांनी हलवले आणि पंचशील घेतल्याबरोबर दारूही सोडली. त्यानंतर बरेच दिवस ते दिसलेच नाहीत. आजारी होते एवढंच कळलं. पुन्हा दिसले तेव्हा वाळून गेले होते, पण डोळे स्वच्छ होते आणि सदरा इस्त्रीचा. बाबा त्यांना चिडवायचे, "काय रे, घसा कशानं धुतोस आता? चहानं?" ते नुसते हसत. दोघं अजूनही कामावर बरोबर जायचे, पण येताना वाटा वेगळ्या झाल्या. बाबा एकटे पिऊ लागले आणि जास्त पिऊ लागले. सकाळी चहाची बशी त्यांना धरवत नसे, म्हणून आधी एक घोट ती आणि मग चहा, असं सुरू झालं. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेले की त्या दिवशी त्यांची छाती फार दाटायची. गॅलरीतल्या गॅलरीत चालायला त्यांना दोनदा कठड्याला धरून उभं राहावं लागे. या सगळ्यावर त्यांच्याजवळ औषध एकच होतं.

बाहेर त्या दिवसांत निराळीच नशा होती. सकाळी प्रभातफेऱ्या, संध्याकाळी मैदानावर सभा, डफावरची थाप आमच्या खोलीत भांड्यांना कळायची. गोळीबारात गेलेल्या पोरांचे फोटो नाक्यावर हार घालून ठेवलेले असत. भांडणाऱ्या जावासुद्धा पाण्याच्या नळावर 'झालाच पाहिजे' म्हणायला एक व्हायच्या. बाबा सभेला जात, पण अर्ध्यात उठून गुत्त्यावर जात. शेजारचे दाजीकाका म्हणायचे, "ह्याका मुंबई गावली काय आणि नाय गावली काय, बाटली गावली म्हणजे झाला." दाजीकाका चाळीतले वडीलधारे. गणपतीत देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी असं बोललेलं आईला जेवताना घास लागल्यासारखं व्हायचं.

आषाढातली ती अवस मला लख्ख आठवते. दिव्यांची अवस. आईने घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडले होते, कणकेचे दिवे वाफवले होते. बायका घरोघर दिवे पुजत आणि पुरुष त्याच दिवशी श्रावणाआधीची शेवटची म्हणून पोट भरून घेत. हा सण दोघांनी असा वाटून घेतलेला. बाबा दरवर्षी श्रावण पाळायचे म्हणजे मासळी सोडायचे आणि सोमवारी जरा उशिरा प्यायचे. त्या दिवशी त्यांना पुन्हा जाधवकाकांनीच आणून सोडलं. स्वतः शुद्धीत, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि खांद्यावर बाबा.

आईचा तोल गेला. जाधवकाका पायऱ्या उतरतात न उतरतात तोच ती म्हणाली, "त्या जाधवान देव सोडल्यान, तरी दारू सोडून दाखवल्यान. तुमका तर देव आसा ना? एक म्हयनो जमणा नाय? खय गेलो तुमचो देव?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. वाटलं, ऐकलंच नसेल. पण त्यांनी मान वर केली आणि पाटावरच्या पेटत्या दिव्यावर हात धरून म्हणाले, "बरां. गणपती येईपर्यंत थेंब नाय. माझो देव तेच्यापेक्षा कमी नाय." आई लगेच नरमली. तिला भरून आलं. तिने त्यांना गूळ-तूप घातलेला कणकेचा दिवा भरवला.

आमच्या घरातला तो सगळ्यात आनंदाचा क्षण होता. तेव्हा माहीत असतं तर... पण कुणाला माहीत होतं? अट्टल पिणाऱ्याच्या शरीराला दारू एकाएकी तोडली तर ते शरीरच उलटतं, हे मला फार पुढे समजलं. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. आमच्याकडे सोडायची ती देवाच्या नावाने आणि एका दमात, म्हणजे खरा मर्द.

पहिल्या दिवशी बाबांना घाम सुटला. दुसऱ्या दिवशी डोळ्याला डोळा नाही, अन्न पाहवेना, कुणी भांडं ठेवलं तरी दचकायचे. आई म्हणाली, विष उतरतंय. सगळी चाळ कौतुकाने डोकावून जायची. श्रावणातलं पहिलं ऊन-पाऊस चाललं होतं, गॅलरीभर ओली धोतरं, आणि त्यात बाबा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसलेले. मला शाळेत जाताना अभिमान वाटत होता. परत आले तर आमच्या दारात चपलांचा ढीग होता.

बाबा देवांच्या फळीखाली मांडी घालून बसले होते. सबंध अंग थरथरत होतं, मान हलत होती, डोळे कुठे लागले होते कोण जाणे. बोटांनी ते हवेतून, मांडीवरून, सदऱ्यावरून काहीतरी वेचत होते. एकसारखे वेचत होते आणि बाजूला टाकत होते. मधूनच म्हणायचे, "पांढरा... सगळा पांढरा..."

शेजारची भागीरथी मावशी आईला धरून उभी होती. "अगो, वारा इला!" ती म्हणाली. "म्हयनो धरल्यानी ना खरेपणान? कुळाचो देव उभो ऱ्हवलो अंगात. पांढरी फुला मागतासा, बघतंस काय!" कुणीतरी धावत जाऊन तगरीची फुलं आणली. ती बाबांच्या पुढ्यात ठेवली तर ते आणखीच भरभर वेचायला लागले. लोकांनी हात जोडले.

आमच्या मुलखात अंगात येणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. वारं आलं की माणूस थरथरतो, घामाघूम होतो, भान हरपतो, भलतंच बोलतो. बाबांना अगदी हेच होत होतं, मग लोकांना दोष कसा देऊ? ते हवेतून कापूस वेचत होते हे मला तेव्हाही कळलं नाही. इतक्या वर्षांचा कापूस एकदम दिसायला लागला असेल त्यांना.

मग दाजीकाका आले. टोपी नीट केली आणि बाबांच्या समोर हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज लेकराच्या अंगात उभो ऱ्हवलंस तर सांग. पोरांनी छातयेर गोळये घेतले, त्या पोरांचा रगत वाया जावू नये. मुंबय आमची आमका गावां दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली ओरडली.

बाबांची मान हलतच होती. लोकांनी ती होकारार्थी घेतली. खोलीत आनंदाचा एकच गलका उठला, खाली रस्त्यापर्यंत बातमी गेली, आणि माणसं जिना चढून यायला लागली. कुणी नोकरीचं विचारी, कुणी तुरुंगात असलेल्या पोराचं, कुणी मूल होण्याचं. मान हलत होती. एकेक जण पायावर डोकं ठेवून अंगारा घेऊन जात होता. आई कोपऱ्यात पदर खांद्यावरून घेऊन उभी होती. तिचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता, आणि नंतरही कधी पाहिला नाही.

तेवढ्यात जाधवकाका आले. पाळीवरून तसेच, भुवया पांढऱ्या. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत, कुणी या म्हटलंही नाही. गॅलरीतून त्यांनी बाबांकडे थोडा वेळ बघितलं आणि आईला हाक मारली.

"वैनी, ह्ये देवाचं काय नाय. मला झालंय ह्ये. दारू एकदम तुटली की असंच होतं. मला पण भिंतीवर काय काय दिसत होतं. माझ्या बायकोनं इस्पितळात नेलं म्हणून वाचलो. आत्ताच्या आत्ता न्या ह्याला. मी टॅक्सी आणतो."

भागीरथी मावशी म्हणाली, "देव सोडलेल्यान देवाची पारख करू नये."

"मावशी, देवाचं तुमचं तुम्ही बघा. माणूस माझा पण हाय."

"आणि इस्पितळात काय सांगतलंस?" दाजीकाका म्हणाले. "दारू पीत होतो म्हणान? पोलीस येतीत ते? देवाच्या माणसाक तुरुंगात घालतंस?"

जाधवकाका आईकडेच बघत राहिले. आईही त्यांच्याकडे बघत होती. मग तिने नजर काढून घेतली आणि बाबांच्या पुढ्यातली फुलं नीट करायला बसली. जाधवकाका कठड्याला टेकून तिथेच उभे राहिले, दिवेलागण झाली तरी हलले नाहीत.

संध्याकाळी बाबांची मान जरा थांबली. लोक म्हणाले, वारं उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आकडी आली. एक ओसरते तोच दुसरी. तेव्हा कुणी देवाचं नाव काढलं नाही. जाधवकाकांनी त्यांना उचलून जिन्यावरून खाली आणलं, टॅक्सीत घातलं, मी पुढे बसले. आईला भागीरथी मावशीने धरून ठेवलं होतं. परळचं इस्पितळ काही लांब नव्हतं. बाबांचं डोकं जाधवकाकांच्या मांडीवर होतं आणि ते त्यांच्या तोंडावरचा फेस आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसत होते. भोईवाड्याच्या वळणावर त्यांनी पुसायचं थांबवलं.

डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "रोज घ्यायचे?" मी गप्प राहिले, कारण खाकी कपड्यातला एक माणूस दाराशी उभा होता. जाधवकाका म्हणाले, "रोजची होती. अवसेला तोडली." डॉक्टरने मान हलवली. "आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाला, रागावलासुद्धा नाही.

हे मी घरी सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? चाळीत तोवर ठरून गेलं होतं, की देवाने माणूस आपल्याकडे नेला. श्रावणात गेला, गंध लावलेला गेला. ज्या माणसाची आयुष्यभर टवाळी झाली त्याच्या प्रेतयात्रेला आमची चाळच नव्हे, नाका लोटला. पुढे राज्य झालं, मुंबई मिळाली, त्या रात्री सगळ्या परळ-लालबागात रोषणाई होती. दाजीकाका पेढे घेऊन आईकडे आले, तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "तुझ्या घोवाचो शब्द खरो झालो गो!" आई हसली. पेढा तिने मला दिला. जाधवकाका त्या दिवशी आले नाहीत. नंतर कधी आले तर आई त्यांना घरात बसवायची, कपबशीतून चहा द्यायची. त्यांच्यासमोर ती फारसं बोलायची नाही. तेही चहा पिऊन माझ्या अभ्यासाची चौकशी करून उठायचे.

मी समजत होते, की आईला काही ठाऊक नाही. तिला ते कळू नये म्हणून मी किती जपत असे! बाबांचा विषय निघाला की मी तो मोडायची. श्रावणात बायका तिच्या पाया पडून तिला देवमाणसाची बायको म्हणत, तेव्हा मी उठून पाणी भरायला जायची. माझं लग्न झालं, मुलं झाली, चाळीतल्या एकेका घरात कुणीतरी छाती धरून, कुणीतरी पिऊन गेलं. गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला. आई म्हातारी होऊन माझ्याकडे राहायला आली.

तिच्या शेवटच्या श्रावणात एका दुपारी मी तिच्या पायांना तेल चोळत होते. तिला झोप लागली असं मला वाटलं होतं. डोळे मिटूनच ती म्हणाली, "जाधव खरा सांगी होतो."

माझा हात तिच्या घोट्यावर तसाच राहिला. "कधी कळलं तुला?"

"तेव्हाच. गॅलरीत उभो ऱ्हवान सांगी होतो ना, तेव्हाच माका कळला होता."

मी विचारलं, "मग आई, गप्प का राहिलीस गं?"

तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. "ह्यांच्या पाया आजपर्यंत कोण पडूक नव्हता," ती म्हणाली. "रस्त्यातसून उचलून हाडीत तेव्हा हसणारीच ती माणसा. त्या दिसाक तीच ह्यांच्या पायार डोकी ठेयत होती. माका वाटला, सांज होईसर ऱ्हवांदे. सांज झाली की न्हेव."